१ जुलैपासून एचओडीचा (विभागप्रमुखाचा) चार्ज घेतेय, सही करायच्या आधी काय काय बघू?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, १३ वर्षं झाली. आमचे एचओडी सर ३० जूनला रिटायर होताहेत आणि सिनिऑरिटीने चार्ज माझ्याकडे येतोय. वर्गात उभं राहायची भीती कधी वाटली नाही, पण गेल्या आठवड्यात सरांनी स्टोअरचं कपाट उघडून दाखवलं आणि पोटात गोळा आला. डेडस्टॉकची (टिकाऊ सामानाची) ७ रजिस्टरं, त्यातल्या सगळ्यात जुन्याची पानं हात लावला की कडेने तुटतात, ब्रेकेजचं रजिस्टर वेगळं, केमिकलचं वेगळं, शिवाय नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) बॉक्सफायली, मेंटॉर-मेंटीचे कागद, माजी विद्यार्थ्यांची यादी, पालकसभेचं इतिवृत्त. सर म्हणाले सगळं बरोबर आहे, तू फक्त सही कर, मीही असाच घेतला होता. सर माणूस म्हणून फार चांगले, मला नोकरीला लागल्यापासून त्यांनीच शिकवलंय, त्यामुळे "मोजून घेते" म्हणायला जीभ रेटत नाही.

विभागात मंजूर जागा ५, भरलेल्या आता माझ्यासकट २ राहतील, बाकी सीएचबीवर, म्हणजे तासांवर पैसे मिळणारे. लॅब अटेंडंट एकच, दुसरे २ वर्षांपूर्वी रिटायर झाले ती जागा रिकामीच. त्यात नवीन शैक्षणिक धोरणाचं टाइमटेबल, मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), व्हीएससी (कौशल्याचा कोर्स), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली), कुणाचा तास कुणाच्या अंगावर जातोय तेच कळत नाही. आमच्याकडे एचओडीला वेगळा पगार नाही की तास कमी नाहीत, म्हणजे हे सगळं शिकवणं सांभाळूनच.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, पहिल्या महिन्यात कशाला हात घालायचा आणि काय नंतर केलं तरी चालेल? आणि चार्ज घेताना सरांना न दुखावता मोजणी कशी करायची?

जुना_एक्सटर्नल:
मॅडम, अभिनंदन. मी २२ वर्षं एचओडी होतो, आता निवृत्त. पहिलं म्हणजे न मोजता सही करू नका. सरांवर अविश्वास म्हणून नव्हे, सरांच्याच भल्यासाठी. उद्या ऑडिटमध्ये एखादी वस्तू सापडली नाही तर त्यांच्या पेन्शनच्या कागदांना नो ड्यूजवरून (काही येणं बाकी नाही या दाखल्यावरून) अडकाठी येऊ शकते, आणि तेव्हा तुम्ही कितीही आदर केलात तरी उपयोग नाही. हेच त्यांना असं सांगा, "सर, तुम्ही असताना तुमच्या देखत मोजलं तर तुम्हाला मागे फोन करायची वेळ येणार नाही." कुठलाही शहाणा माणूस हो म्हणेल.

माझं सांगतो. मी चार्ज घेतला तेव्हा अशीच डोळे झाकून सही केली होती. दोन वर्षांनी डेडस्टॉक तपासणीत एक सिंगल पॅन बॅलन्स कमी निघाला. तीन महिने झोप नव्हती मला. शेवटी तो फिजिक्सच्या स्टोअरमध्ये पोत्याखाली सापडला, कुणीतरी कधीतरी हातउसना नेलेला, नोंद कुठेच नाही. तेव्हापासून विभागाबाहेर साधा स्टॅंड गेला तरी वहीत सही घेतल्याशिवाय सोडला नाही.

मोजणी अशी करा. तुम्ही, सर, लॅब अटेंडंट आणि दुसऱ्या विभागाचा एक माणूस, प्राचार्यांच्या पत्राने. रजिस्टर एकाने वाचायचं, वस्तू दुसऱ्याने हात लावून दाखवायची, वस्तूवर पेंटने डेडस्टॉक नंबर आहे का बघायचं, नसेल तर तिथेच घालायचा. सापडली नाही तिच्यापुढे शेऱ्यात "प्रत्यक्ष पडताळणीत आढळली नाही" एवढंच लिहा, कारण लिहू नका, कुणाचं नाव लिहू नका. मोडकी आहे ती वेगळ्या यादीत, निर्लेखनासाठी, म्हणजे रजिस्टरमधून कमी करण्यासाठी. निर्लेखन एचओडीच्या हातात नसतं, समिती आणि मॅनेजमेंटची मंजुरी लागते, तोवर तुटकी खुर्चीसुद्धा फेकायची नाही, तिची जागा अडली तरी. चार्ज लिस्ट ३ प्रती, एक सरांना, एक तुम्हाला, एक ऑफिसला आवक नंबर टाकून.

आता केमिस्ट्रीवाला म्हणून एक वेगळं सांगतो, आणि हे रजिस्टरपेक्षा महत्त्वाचं आहे. जुन्या केमिकलच्या मांडणीला एकदम हात घालू नका. आधी नुसतं बघा. पिक्रिक अ‍ॅसिडची जुनी बाटली असणारच, बहुतेक जुन्या लॅबमध्ये असते. ते कायम पाण्याने ओलं ठेवायचं असतं, कोरडं झालं की धक्क्याने, घासण्याने उडू शकतं. बाटलीच्या आट्यांमध्ये पिवळे स्फटिक दिसले तर झाकण फिरवू नका, हलवू नका, त्या खोलीला कुलूप लावा आणि प्राचार्यांना लेखी कळवून बाहेरच्या जाणकारांना बोलवा. जुन्या इथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतात, तीच काळजी. अल्डिहाइड-कीटोनच्या टेस्टला आपण डीएनपी (डायनायट्रोफिनाइलहायड्रॅझिन) वापरतो ना, २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये शाळांच्या लॅबमधला जुना, सुकलेला डीएनपीचा साठा हलवायला बॉम्बनाशक पथकं बोलवावी लागली होती. सोडियम रॉकेलात पूर्ण बुडालेलं आहे का तेही बघा. तुमच्या सहीचा खरा अर्थ हा आहे, त्या खोलीत उद्या एखाद्या पोराच्या डोळ्याला काही झालं तर पहिला प्रश्न तुम्हाला येणार. आयवॉश चालतोय का, एक्झॉस्ट फिरतो का, फायर एक्स्टिंग्विशर कधी भरलाय, हे पहिल्या आठवड्यात.

तासिका_तत्त्व:
मॅडम, मी एचओडी नाही. सीएचबीवर आहे, हे ९वं वर्ष. नेट झालंय, पीएचडी झालीय. तुम्ही विचारलंत पहिल्या महिन्यात काय, तर माझं सांगणं एकच, वर्कलोड (विभागात शिकवायच्या तासांचा हिशोब) आणि बिल.

तुम्हाला तो एक तक्ता वाटेल पण त्या तक्त्यावर आमचं घर चालतं. वर्कलोडची फाईल उशिरा गेली की मंजुरी उशिरा, जाहिरात उशिरा, मुलाखत उशिरा, आणि मग आम्हाला ऑर्डर मिळते तेव्हा अर्धं सेमिस्टर संपलेलं असतं, मधल्या काळात शिकवलेल्या तासांचे पैसे कुणी देत नाही. आणि बिल. महिन्याचं बिल एचओडीच्या सहीशिवाय ऑफिसला जात नाही. एका कॉलेजात (नाव नको) आमचं बिल टेबलावर १९ दिवस पडून होतं, नॅकची गडबड म्हणून. ते पुढे सहसंचालक कार्यालयात त्या महिन्याच्या गठ्ठ्यात लागलं नाही, आणि दिवाळी बिनपगाराची गेली. माझ्या मुलीला मी सांगितलं कपडे नंतर घेऊ. सर वाईट नव्हते हो, त्यांना ते बिल म्हणजे काय हे कळलंच नव्हतं.

तेव्हा महिना संपला की दुसऱ्या दिवशी तास मस्टरशी ताडून सही करा. अनुभवाचं प्रमाणपत्र मागितलं की चार चकरा मारायला लावू नका. टाइमटेबलवर "सीएचबी १, सीएचबी २" असं लिहितात बऱ्याच ठिकाणी, तिथे नाव लिहा. आणि जर्नल तपासणं, कॉपी कंट्रोल, नॅकच्या फायली हे आमच्यावर टाकताना एवढं लक्षात असू द्या की आम्हाला त्याचे पैसे नाहीत, आम्ही नाही म्हणू शकत नाही.

कोयनाकाठ:
सर, पिक्रिक अ‍ॅसिडची बाटली आहे, मी काल लांबून बघून आले, खालच्या फळीवर. आणि दादा/ताई, तुमचं वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. आमच्या टाइमटेबलवरही सीएचबी १, २, ३ असंच लिहिलंय आणि इतकी वर्षं माझ्या ते लक्षातच आलं नाही.

बॉटनीवाला_रत्नागिरी:
वर्कलोडबद्दल थोडं, कारण सगळे तिथेच अडकतात. नवीन धोरणात विषयाचं नाव बघून मोजू नका, क्रेडिट बघून मोजा. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. सेमिस्टर १५ आठवड्यांचं धरलं तर २ क्रेडिटची थिअरी आठवड्याला २ तास आणि २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल ४ तास, आणि हे ४ तास प्रत्येक बॅचला. इथेच चूक होते, बॅचेसने गुणायचं राहून जातं आणि एका माणसाचं काम कागदावर दिसतच नाही. मग पुढे तुम्ही कितीही सांगा की आमच्याकडे माणसं कमी आहेत, कागद म्हणतो पुरेशी आहेत. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास आणि असोसिएट, प्रोफेसरला १४ तास प्रत्यक्ष शिकवणं आहे, त्या हिशोबाने एकूण तास भागले की किती जागांचं काम आहे ते कळतं. हा तक्ता स्वतः करा, ऑफिसला करायला देऊ नका, क्लार्कला तुमच्या बॅचेस माहीत नसतात.

ओईचा स्लॉट तुमच्या एकटीच्या हातात नाही. ओई दुसऱ्या शाखेतला घ्यायचा असतो त्यामुळे आर्ट्स-कॉमर्सची मुलं तुमच्याकडे आणि तुमची त्यांच्याकडे, म्हणजे तो तास सगळ्या कॉलेजचा एकच लागतो. आधी तो ठरू द्या, त्यानंतर प्रॅक्टिकलचे सलग तास बसवा, थिअरी सगळ्यात शेवटी. आमच्याकडे पहिल्या वर्षी उलटं केलं आणि ऑगस्टपर्यंत टाइमटेबल ५ वेळा बदललं, एसटीने येणाऱ्या पोरांचे फार हाल झाले, कारण शेवटची गाडी ५ वाजता. तुमच्याकडेही गाड्यांच्या वेळा बघून प्रॅक्टिकल लावा. ओजेटीचंही (कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाचंही) आत्तापासून डोक्यात ठेवा, ४ क्रेडिट म्हणजे १२० तास, तालुक्याच्या गावात केमिस्ट्रीच्या पोरांना कुठे पाठवणार? एमआयडीसी, साखर कारखान्याची लॅब, दूध संघ, माती परीक्षण केंद्र, पाणी तपासणीची लॅब, जे जवळ असेल तिथे स्वतः जाऊन बोला. पत्राने कुणी घेत नाही.

नॅकचं म्हणाल तर घाबरू नका. एसएसआरला (कॉलेजच्या स्वयंमूल्यमापन अहवालाला) मागच्या ५ वर्षांचा डेटा लागतो आणि एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल) दरवर्षी जातो, त्यामुळे डिसेंबरात आयक्यूएसीवाले (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे लोक) मागे लागतात आणि सगळे जुने फोटो शोधत बसतात. कार्यक्रम झाला त्याच संध्याकाळी नोटीस, हजेरी, दोन जिओटॅग फोटो आणि अर्धं पान अहवाल एका फोल्डरला टाकलं की झालं, वर्षाअखेर शोधाशोध नाही. जे झालंच नाही त्याचे कागद करायला कुणी सांगितलं तर तेवढं मात्र स्पष्ट नाही म्हणा. सही तुमची असते. आणि हो, कॅसच्या (प्राध्यापकांच्या बढतीच्या) फॉर्ममध्ये एचओडी म्हणून काम केल्याची नोंद धरली जाते, प्रशासकीय जबाबदाऱ्यांमध्ये, तेव्हा नेमणुकीचं पत्र प्राचार्यांकडून तारखेसकट लेखी घ्या, तोंडी चार्ज घेऊ नका. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाच्या निवडणुकीत विभागप्रमुखांचा मतदारसंघ असतो, त्या यादीत नाव लागायलाही तेच पत्र.

मिशिगनहून:
मी मूळची सोलापूरची, इकडे एका छोट्या कॉलेजात डिपार्टमेंट चेअर आहे ३ वर्षांसाठी. इथे चेअरला सहसा एखादा कोर्स कमी शिकवावा लागतो, थोडा भत्ताही असतो, त्यामुळे तुमचं वाचून वाईट वाटलं. पण सीएचबीवाल्यांचं दुःख तेच, इथे त्यांना अ‍ॅडजंक्ट म्हणतात, सेमिस्टर सुरू व्हायच्या आठवडाभर आधी मुलं कमी भरली म्हणून कोर्स रद्द झाला की त्यांचे पैसे गेले, आणि तो फोन चेअरलाच करावा लागतो. मी वर्षातून चार-पाच वेळा करते तो फोन, सवय होत नाही. एकच सुचवते, आठवड्यातली एक सकाळ स्वतःच्या शिकवण्याच्या तयारीसाठी राखून ठेवा, दारावर तसं लिहा. मी पहिल्या वर्षी नाही ठेवली आणि वर्गात जुन्याच नोट्स वाचत होते, मुलांच्या लक्षात आलं.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते. जुना_एक्सटर्नल सरांनी दिलेलं वाक्य मी जसंच्या तसं आमच्या सरांना म्हटलं. ते दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "चल, उद्यापासून बसू." ४ दिवस लागले. सर स्वतः स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या वस्तू काढून देत होते, आमचे अटेंडंट काका नंबर घालत होते, झूऑलॉजीच्या मॅडम वाचत होत्या. ११ वस्तू सापडल्या नाहीत, बहुतेक जुने स्टॉपवॉच आणि एक कंडक्टिव्हिटी मीटर. शेरा लिहिला, सरांनी आपण होऊन पुढे सही केली. एक जुना लाकडी पेटीतला बॅलन्स निघाला, वजनांची डबी चिमट्यासकट शाबूत, सरांनी तो त्यांच्या पहिल्या वर्षी वापरलेला. निर्लेखनाच्या यादीत घालायचा होता, मी नाही घातला, काचेच्या कपाटात ठेवतेय.

पिक्रिक अ‍ॅसिडच्या बाटलीच्या झाकणाजवळ पिवळं दिसतंय. खोलीला कुलूप लावलंय, चावी माझ्याकडे, प्राचार्यांना पत्र दिलंय, जिल्ह्याच्या ठिकाणाहून माणसं येणार आहेत असं कळलंय, तोवर तिथे कुणालाच जाऊ देत नाही.

वर्कलोडचा तक्ता बॅचेसने गुणून पुन्हा केला, मागच्या वर्षीपेक्षा १४ तास जास्त आले, म्हणजे जवळजवळ आणखी एका माणसाचं काम. २५ जूनलाच ऑफिसला दिला, आवक नंबर घेतला. टाइमटेबलचा कच्चा खर्डा झालाय, त्यात मंजुरीनंतर भरायच्या जागा अजून रिकाम्या आहेत, तिथे १, २, ३ लिहिलेलं नाही. ओईचा स्लॉट अजून ठरला नाही, उद्या मीटिंग आहे, तिथे शेवटच्या एसटीचा विषय मी काढणार आहे.

कुणाकडे माती परीक्षण केंद्रात ओजेटी लावल्याचा अनुभव असेल तर लिहा, करारपत्राचा नमुना मिळाला तर फार बरं होईल.