पडदेवाल्या भाईसाठी लिलाव करतोय, पैसे कसे हाताळायचे?

रंगपट_डिचोली
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. आमच्या गावच्या नाटकांचे पडदे गेली वीस-बावीस वर्षं एकच माणूस रंगवतो, सगळे त्याला भाईच म्हणतात. राजवाडा, रस्ता, जंगल, काहीही सांगा, देवळाच्या मांडवात रात्री कापड अंथरणार, उकिडवा बसून पहाटेपर्यंत रंगवणार आणि पैशांचं काढलं की "नाटक होऊं दी रे, मग बघूया". ते मग कधी आलंच नाही आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी आणलं नाही. आता त्याला रक्ताचा कॅन्सर निघालाय. मुंबईत बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचंय, बहिणीचं मॅच झालंय, पण खर्चाचा आकडा ऐकून घरचे गप्प बसलेत.

दहा-बाराजण आपापलं काम द्यायला तयार आहेत. एक कावीचं (तांबड्या मातीच्या नक्षीचं) पॅनेल आहे, दोन जलरंगातली चित्रं, एक जुनी पेटी (भाता थोडा फुसका आहे पण सूर गोड) आणि भाईचे स्वतःचे सहा पडदे. बोली कितीपासून सुरू करायची? आणि पैसे कोणाच्या खात्यात? सगळे म्हणतायत तुझ्या जीपेवर घे, मला धास्ती वाटते.

हिशेबी_फोंडा
जीपेवर नको रे बाबा. हेतू कितीही चांगला असला तरी तुझ्या खात्यात चार लाख आले की उद्या ते तुझे नव्हेत हे तुलाच सिद्ध करत बसावं लागेल. भाईच्या खात्यात घेतले तरी भानगड आहेच, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० च्या वर रक्कम भेट आली तर सगळीच त्याचं उत्पन्न धरली जाते, फक्त वरची नव्हे. इस्पितळात पेशंटच्या फाइल नंबरावर आगाऊ रक्कम भरता येते का ते आधी विचार. येत असेल तर बोली जिंकणाऱ्याने थेट तिथेच भरायची, तुला फक्त पावतीचा फोटो. नाहीतर एखादी नोंदणीकृत संस्था मधे घे. आणि ८०जीची (देणगीवर करसवलत मिळते ती) पावती मागणाऱ्यांना आधीच सांग, चित्र विकत घेतलं म्हणजे ती खरेदी, देणगी नव्हे.

माटोळी
बोलीचं सांगतो. आर्ट गॅलरीसारखं केलंस तर पडशील, कारण ओळखीचे लोक ओळखीच्याच भावाने बोलतात, "दोन हजारात दे मरे". त्यापेक्षा आपली पावणी कर, देवळातला लिलाव असतो तशी. जत्रेला देवळात नारळाला हजारो रुपये पडतात, घेणाऱ्याला काय नारळ मिळत नाही बाजारात? (लिलाव हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांच्या लेलांववरूनच आला, चर्चच्या फेस्तालाही तेच चालतं.) ओरडणारा माणूस मात्र खणखणीत पाहिजे, मायकवर नाव घेऊन टोचणारा. फक्त एक, आमच्याकडे पावणीचे पैसे पुढच्या जत्रेपर्यंत उधार राहतात. तसलं इथं अजिबात नको, वस्तू हातात तेव्हाच पैसे.

स्टाफरूम_म्हापसा
लिलाव करा, पण आधी सरकारी दार ठोठावलंत का? गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाखांपर्यंत वर्षाला कव्हर आहे. शिवाय सरकारी इस्पितळात न होणाऱ्या उपचारांसाठी मेडिक्लेम योजना वेगळी. पणजीत कांपालला आरोग्य संचालनालयात जाऊन त्याच्या केसमध्ये काय बसतं ते विचारा, आणि उपचारांआधी जा, बिलं घेऊन मागाहून नको. त्याचे रिपोर्ट ग्रुपवर फिरवू नका प्लीज. आमच्या एका मैत्रिणीचे फिरले होते, बरी होऊन वर्ष झालं तरी लोक बाजारात थांबवून पेशी किती विचारायचे.

आणि मुंबईतल्या ओळखीच्या गोंयकारांना प्लेटलेट्ससाठी सांगून ठेवा. त्या पाच दिवसांवर टिकत नाहीत, त्यामुळे आज दहाजण येऊन उपयोग नाही, पाळीपाळीने लागतात.

रंगपट_डिचोली
देव बरें करूं सगळ्यांचं. फाइल नंबरावर भरता येतं, बहिणीने विचारून घेतलं. सोमवारी कांपालला जातोय. पावणी शनिवारी मांडवातच, ओरडायला आमचा खलनायक आहे, त्याला माईक लागतच नाही.

एकच घोळ झालाय. काल भाईला फोनवर यादी वाचून दाखवली, आवाज अगदी खोल गेलाय त्याचा, पण सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला जंगलाचा पडदा काढ त्यातून, शिगम्याच्या नाटकाला दुसऱ्या अंकात लागतो. आणि आमच्याकडे बोलीसाठी सगळ्यात जास्त विचारणा त्याच पडद्याची!

माटोळी
मग जंगलाचीच पावणी शेवटी ठेव. जो जिंकेल त्याचं नाव मागच्या बाजूला काठीजवळ रंगवायचं आणि पडदा मांडवातच राहणार. नाव भाईनेच रंगवायचं, परत आल्यावर. माझे पाच हजार धर, आताच.