चेकसम जुळला म्हणजे फाइल सुरक्षित का?

प्रश्न: लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉल करायची पूर्ण फाइल) उतरवली. त्याच पानावरचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळला. एवढ्यावर विसंबावं का?

उत्तर १: नाही. सर्व्हरच फोडला असेल तर फाइलसोबत चेकसमही बदलता येतो. जीपीजी सही (फाइल बनवणाऱ्याची डिजिटल सही) तपासा, पण आधी ती सही पडताळायच्या किल्लीचा ४० अक्षरी फिंगरप्रिंट, म्हणजे किल्लीची ओळख, दुसऱ्या ठिकाणाहून पडताळा. शेवटची ८ अक्षरं पाहून थांबू नका, तेवढी जुळणारी बनावट किल्ली तयार करता येते.

उत्तर २: सही खरी असूनही घात होतो. २०२४मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये मागचं दार (छुपा प्रवेशमार्ग) खुद्द देखभाल करणाऱ्यानंच घुसवलं होतं. सापडलं कसं, तर एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून!

प्रश्नकर्ता: आणि हार्डवेअरवर तरी विसंबावं का?

उत्तर १: इंटेलच्या चिपसेटमधलं मॅनेजमेंट इंजिन स्वतःचं बंदिस्त फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) चालवतं. ऑपरेटिंग सिस्टीम बदलून ते जात नाही. त्यावर चालणारी एएमटी (संगणक दूरून सांभाळायची सोय) लागत नसेल तर ती बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बंद करा.