मदत हवी आहे: स्वतः कंपाइल केलेला कर्नल बूट होत नाही, ग्रबमध्ये 'आउट ऑफ मेमरी'

खटपट्या: डेबियन १२ (लिनक्स) वर ६.१२ कर्नल (सिस्टिमचा गाभा) कंपाइल केला. मेक, मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल, मेक इन्स्टॉल. एकही एरर नाही. रीबूट केल्यावर ग्रब (बूटलोडर) म्हणतो 'आउट ऑफ मेमरी', पुढे गेलं की पॅनिक, अननोन-ब्लॉक(०,०). रॅम १६ जीबी आहे, ती वाढवा म्हणू नका. कर्नल छोटा कसा करायचा? आज रात्रीच हवंय.

रातकिडा: बूट फोल्डरमधल्या फाइलींचे आकार? कॉन्फिग कुठली घेतलीत? डिस्क कोणती, एन्क्रिप्शन आहे का?

जुनंखोड: कर्नल फाइलचा झेडइमेज प्रकार नको, बीझेडइमेज बनवा. झेडइमेज ६४० केबीच्या खालच्या मेमरीत चढते, म्हणून साधारण ५१२ केबीच्या पुढे चालत नाही. बीझेडइमेज १ एमबीच्या वर चढते. 'बी' म्हणजे बिग, बीझिपशी संबंध नाही.

रातकिडा: काका, नुसतं मेक केलं तरी आता बीझेडइमेजच बनते. तो प्रश्न इथे नाही.

खटपट्या: व्हीएमलिनझ (कर्नलची फाइल) १२ एमबी, इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हर्सची फाइल) ४८६ एमबी. कॉन्फिग चालू कर्नलचीच उचलून ओल्डडेफकॉन्फिग (नव्या पर्यायांना डिफॉल्ट उत्तरं) केलं. डिस्क एनव्हीएमई.

रातकिडा: मग कर्नल छोटाच आहे, फुगलाय तो इनिटआरडी. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये डीबग इन्फो (दोष शोधायची माहिती) चालू असते आणि तुम्ही मॉड्यूल्स (ड्रायव्हर्सच्या वगैरे .केओ फाइली) ती न काढता तशीच्या तशी टाकलीत. ग्रबला इनिटआरडीसाठी सलग मोकळा तुकडा लागतो, तो १६ जीबी रॅम असूनही मिळेलच असं नाही. इनिटआरडी चढला नाही म्हणून रूट पार्टिशन सापडलं नाही, म्हणून पॅनिक.

पुन्हा कंपाइल करू नका. जुन्या कर्नलवर बूट करून सोर्सच्या फोल्डरमध्ये:
सुडो मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल
मग अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के आणि पुढे नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती. इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप सगळं कॅपिटलमध्ये, त्याने मॉड्यूल्समधली डीबग इन्फो निघते.

पाटीपेन्सिल: एवढं कशाला? इनिटरॅमएफएस.कॉन्फमध्ये (इनिटआरडीची सेटिंग) मॉड्यूल्स=मोस्ट आहे, ते डेप करा. याच मशीनला लागणारीच मॉड्यूल्स जातील.

रातकिडा: आणि उद्या डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की बूट बंद. शिवाय लिब/मॉड्यूल्समधले काही जीबी तसेच पडून राहतील. आधी स्ट्रिप, मग हवं तर डेप.

पाटीपेन्सिल: स्ट्रिप हाताने केलं तर मॉड्यूलची डिजिटल सही उडते, हेही सांगा.

रातकिडा: बरोबर. सही .केओ फाइलच्या शेवटी चिकटवलेली असते. हाताने स्ट्रिप केलं की ती जाते आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूल चढत नाही. मेकवाल्या पद्धतीत आधी स्ट्रिप, मग सही होते.

कोरडवाहू: इनिटआरडीच काढून टाका! एनव्हीएमई आणि एक्स्ट४ कर्नलमध्येच 'वाय' करा. मात्र रूट=यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळखक्रमांक) चालणार नाही, ते इनिटआरडीच सोडवतो. पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) द्या.

खटपट्या: लुक्स (डिस्क एन्क्रिप्शन) आहे, सांगायचं राहिलं.

कोरडवाहू: मग इनिटआरडी लागणारच. पासफ्रेज कोण विचारणार!

खटपट्या: स्ट्रिप केलं. इनिटआरडी ४७ एमबी, पासफ्रेज विचारली, बूट झालं. पुढच्या वेळी डीबग इन्फो बंदच ठेवतो. आणि लोकलमॉडकॉन्फिग?

रातकिडा: डीबग बंद केली की बीटीएफही (कर्नलमधल्या डेटा टाइप्सची माहिती) जातं, ईबीपीएफची (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवायची सोय) काही टूल्स अडतील. लोकलमॉडकॉन्फिग फक्त त्या क्षणी चढलेली मॉड्यूल्स ठेवतं. आधी वायफाय, पेनड्राइव्ह, प्रिंटर सगळं लावा, ईएफआय पार्टिशन माउंट ठेवा. नाहीतर त्या पार्टिशनचं व्हीफॅट मॉड्यूलच गळेल.

जुनंखोड: फ्लॉपीवर १.४४ एमबीत कर्नल बसवायचा असेल तर वेगळा धागा काढा, सांगतो.