बी भाग पाच आणि ए भाग एकच: कॉलऱ्याच्या विषाची रचना अशी का?

माटुंग्याची विद्यार्थिनी:

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात कॉलऱ्याच्या विषावरचा तास झाला आणि तेव्हापासून एक शंका मनातून जात नाही. पेशीला चिकटणारे पाच बी उपघटक (विषाच्या प्रथिनाचे तुकडे) आणि आत जाऊन पेशीचे कामकाज बिघडवणारा एक ए, एवढे समजले. पण घात करणारा एकटा ए असेल, तर जिवाणूने पाच-पाच बी बनवण्याचा खटाटोप का करावा? दुसरे असे की, पाच बी मिळून मधोमध भोक असलेले एक कडे तयार होते. आकृती पाहून मला वाटले की हे कडे पेशीपटलात रुतत असेल आणि सुईतून औषध जावे तसा ए त्या भोकातून आत ढकलला जात असेल. बाईंनी 'तसे नव्हे' एवढे सांगितले आणि तास संपला. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

परळकर:

तुमची सुईची कल्पना चुकीची असली तरी आकृती पाहून ती सुचणे स्वाभाविक आहे, आणि ती नेमकी कुठे चुकते हे पाहिले की तुमच्या दोन्ही शंका मिटतील.

आधी पाचाचे कोडे. एक बी म्हणजे १०३ अमिनो आम्लांची लहानशी साखळी. आतड्याच्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला जीएम-१ नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. त्याचे शेपूट पटलात रुतलेले असते आणि पाच शर्करांची एक डहाळी बाहेर डोकावत असते. या डहाळीला दोन फांद्या असून एकीच्या टोकाला गॅलॅक्टोज आणि दुसरीच्या टोकाला सियालिक आम्ल असते. तर्जनी आणि अंगठा रोवावा तशी ही दोन टोके बीवरच्या खळग्यात बसतात. बीचे कडे आणि जीएम-१ची शर्करा यांची ही जोडी १९९४ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकात प्रत्यक्ष पाहता आली. मला यातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी की, हा खळगा कोणत्याही एका बीच्या एकट्याच्या मालकीचा नाही. त्याची कड शेजारच्या बीमधल्या ३३व्या जागेवरच्या ग्लायसीन या अमिनो आम्लाने पुरी होते. त्या जागी ॲस्पार्टिक आम्ल घातले, तर विषाला जीएम-१ धरताच येत नाही. म्हणजे बीला शेजारी हवाच, आणि कड्यात प्रत्येकालाच शेजारी मिळतो.

शिवाय ससून डॉकला बांधलेली होडी आठवा. एका दोराने बांधलेली होडी दोर सुटताच वाहून जाते. पाच दोरांनी बांधलेलीचा एखादा दोर सुटला तरी उरलेले चार तिला जागेवर धरून ठेवतात, आणि ती जागची हलली नसल्यामुळे सुटलेला दोर पुन्हा बांधता येतो. शर्करा आणि प्रथिन यांच्यातले बंध एकेकटे सहसा दुबळे असतात. बी आणि जीएम-१ यांचा बंध त्यातल्या त्यात घट्ट आहे हे खरे, पण आतड्यातल्या वाहत्या द्रवात टिकून राहायला पाच ठिकाणची पकडच उपयोगी पडते.

आता सुईविषयी. पाचही खळगे कड्याच्या एकाच तोंडावर असतात आणि ते तोंड पटलावर पालथे बसते. ए हा एका ठिकाणी कापला जाऊन त्याचे ए-१ आणि ए-२ असे दोन तुकडे होतात, मात्र एक डायसल्फाइड बंध (दोन गंधक-अणूंमधला दुवा) त्यांना जोडून ठेवतो. घात करणारा ए-१ कड्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे पटलापासून दूर राहतो; ए-२ची लांब शेपटी कड्याच्या भोकात शिरून ते बुजवून टाकते. तेव्हा तिथून ए-१ जाणार कसा? पटलाला भोक पाडण्याचे कामही हे कडे करत नाही.

प्रत्यक्षात पेशी जीएम-१ला चिकटलेले अख्खे विष स्वतःच आत ओढून घेते आणि ते नेहमीच्या वाहतुकीच्या उलट दिशेने गॉल्जी पिंडातून (पेशीतले प्रथिनांच्या पाठवणीचे केंद्र) आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत (जिथे प्रथिनांची घडी घातली जाते ते जाळे) पोहोचते. ए-२च्या अगदी टोकाला लायसीन, ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल आणि ल्युसीन अशी चार अमिनो आम्ले आहेत. जालिकेत राहणाऱ्या आपल्या प्रथिनांना पेशी हीच खूण लावते, त्यामुळे हा परका घरचा समजला जातो आणि जालिकेत टिकून राहतो. तिथे डायसल्फाइड बंध तुटतो, ए-१ सुटा होऊन त्याची घडी उलगडते, आणि जालिका त्याला बिघडलेले प्रथिन समजून पेशीद्रवात टाकून देते. त्याला तेच हवे असते.

गिरगावचे डॉक्टर:

परळकरांनी मार्ग सांगितला, मी परिणाम सांगतो. पेशीद्रवात आलेला ए-१ हा विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. तो पेशीत निरोप पोहोचवणाऱ्या जी-एस नावाच्या प्रथिनावर एडीपी-रायबोजचा तुकडा चिकटवतो. त्यामुळे त्या प्रथिनाची कळ दाबलेलीच राहते, सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप वाहणारा छोटा रेणू) वाढत जाते, क्लोराइडच्या वाहिन्या उघडतात आणि क्लोराइडमागोमाग सोडियम व पाणी आतड्यात उतरते. आमच्या आजीच्या पिढीने 'पटकी' म्हणून जिची धास्ती घेतली, ती एवढ्या एका रासायनिक फेरफारातून उद्भवते. सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने पेशीत घेणारी यंत्रणा मात्र यात शाबूत राहते, आणि म्हणूनच मीठ-साखरेचे पाणी रुग्णाला वाचवते.

येथे शंभुनाथ डे यांचे नाव घेतलेच पाहिजे. जिवाणू गाळून काढलेल्या निव्वळ द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी भरते, हे त्यांनी कोलकात्यात दाखवून १९५९ साली प्रसिद्ध केले. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉक यांनी त्याच शहरात कॉलऱ्याच्या जंतूचा अभ्यास केल्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षे झाली होती. विषाच्या रचनेचे पुढचे सगळे काम त्या प्रयोगावर उभे आहे आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ते शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते.

माटुंग्याची विद्यार्थिनी:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग ए-१शिवायचे नुसते बीचे कडे निरुपद्रवी असते का? आणि बिघडलेले म्हणून बाहेर टाकलेल्या प्रथिनांची पेशी विल्हेवाट लावते ना? ए-१ त्यातून कसा वाचतो?

परळकर:

नुसत्या कड्यामुळे कॉलरा होत नाही. तोंडावाटे घ्यायच्या एका लशीत मृत जिवाणूंच्या जोडीला हेच बी भाग घातलेले असतात. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन १८९३ साली कॉलऱ्याची लस घेऊन भारतात आले, तेव्हा त्यांच्यापाशी फक्त जिवाणू होता, त्याचे विष वेगळे काढणे फार पुढची गोष्ट.

दुसरा प्रश्न अचूक आहे. नष्ट करायच्या प्रथिनाला पेशी युबिक्विटिनची चिठ्ठी लावते आणि ती चिठ्ठी सहसा लायसीनवर चिकटते. ए-१च्या सगळ्या साखळीत लायसीन दोनच आहेत, तेही सुरुवातीच्या टोकाजवळ. चिठ्ठीला जागाच फारशी नसल्यामुळे तो सुटतो आणि पुन्हा घडी घालून कामाला लागतो.