ट्यूबचा (व्हॉल्व्हचा) अ‍ॅम्प्लिफायर घेऊ की सॉलिड स्टेटच (ट्रान्झिस्टरचा) ठेवू? मदत हवी आहे
स्पीकर ८७ डीबी सेन्सिटिव्हिटीचे (ठरावीक पॉवरला किती मोठा आवाज देतात त्याचं माप), इम्पीडन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा ८ ओहम लिहिलाय पण बेसमध्ये (खालच्या सुरांत) ४ पर्यंत उतरतो, खोली १२ बाय १४ फूट. सध्या ५० वॉटचा सॉलिड स्टेट अ‍ॅम्प आहे, तक्रार काहीच नाही पण आवाज जरा कोरडा वाटतो. मित्राचा ईएल८४ ट्यूबचा पुश-पुल (ट्यूबच्या जोडीने चालणारा) अ‍ॅम्प, साधारण १२ वॉटचा, आठवडाभर लावून बघितला, गायकाचा आवाज अक्षरशः समोर बसल्यासारखा, पण व्हॉल्यूम वाढवला की तबल्याचा डग्गा पसरट होतो. अ‍ॅम्पचे स्पीकर जोडायचे ४ आणि ८ ओहमचे दोन्ही टॅप लावून पाहिले, ४ वर थोडा सावरला, बस्स. स्पीकर बदलायचे नाहीत. आता ४० वॉटचा ईएल३४ ट्यूबचा अ‍ॅम्प घेतला तर १२ च्या मानाने जेमतेम ५ डीबी जास्त मिळणार, मग डग्गा ढिला पडतो तो पॉवर कमी पडल्यामुळे की ट्यूबच्या कमी डॅम्पिंग फॅक्टरमुळे (स्पीकरचा पडदा आवरून धरण्याची अ‍ॅम्पची क्षमता), हे घरीच कसं ओळखायचं?