घरात चार नंबर, एक नवा फोन: कंपनीची फोन-ऑफर घ्यावी की मोकळा फोन आणि वेगळं रिचार्ज?

माणदेशी

घरात चार प्रीपेड नंबर आहेत, सगळे २८ दिवसांच्या रिचार्जवर. आईचा साधा बटणांचा फोन; ती फक्त बोलते आणि बँकेचे ओटीपी येतात. वडिलांना व्हॉट्सअॅप, बाजारभाव आणि संध्याकाळी थोडे व्हिडिओ, एवढंच लागतं. मुलगा पुण्यात शिकतो, त्याचा डेटा रोज संपतो. चौथा नंबर मुंबईत घेतलेला जुना आहे. तो बँक आणि आधारला जोडलेला, बाकी वापर शून्य. गाव माण तालुक्यात, घरात रेंज एक-दोन काड्या.

वडिलांसाठी नवा फोन घ्यायचा आहे. एका कंपनीच्या सिमसोबत फोन बराच स्वस्त पडतो असं दुकानात सांगतात. विचारायचं हे की त्या सूटीत खरंच काही वाचतं का, चौघांचे पॅक कसे बसवावेत आणि कंपनी बदलायची झाली तर नंबर बंद न पडता ते कसं करावं?

हिशेबनीस

आधी पॅकचं बोलतो, कारण चार नंबरांच्या घरात खरा पैसा तिथे जातो.

पॅकची किंमत बघू नका, दिवसाचा भाव काढा. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. ८४ दिवसांचा पॅक म्हणजे तीन महिने नव्हेत, २८ चे तीन तुकडे. 'वर्षाचा' म्हणून मिळणारा काही कंपन्यांचा पॅक ३३६ दिवसांचा असतो, म्हणजे २८ गुणिले १२, आणि उरलेले २९ दिवस तुमच्या खिशातून. कंपन्यांची चढाओढ मुख्यतः याच दिवसांवर आणि रोजच्या जीबीवर चालते. समोरची किंमत बहुतेक वेळा दोन-पाच रुपयांच्या फरकाने सारखीच दिसते.

जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचं जिओचं उदाहरण घ्या, रोज दीड जीबीचं. २८ दिवसांना २९९ रुपये, म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे. ८४ दिवसांना ७९९, म्हणजे ९ रुपये ५१ पैसे. वर्षाच्या हिशेबात तेवढ्याच डेटासाठी एका नंबरमागे ४०० रुपयांच्या आसपास फरक पडतो. मधला मार्ग महिन्याच्या त्याच तारखेला संपणाऱ्या पॅकचा. असा किमान एक आणि ३० दिवसांचा किमान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवावा, असा आदेश ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये काढला. तो पॅक अॅपमध्ये पहिल्या पानावर सहसा दिसत नाही, खाली शोधावा लागतो.

आईच्या नंबरावर डेटा विकत घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या दुरुस्तीमुळे फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यावेच लागतात. जानेवारी २०२५ मध्ये आलेले भाव असे: एअरटेल ८४ दिवसांना ४६९ आणि ३६५ दिवसांना १८४९, व्ही (व्होडाफोन आयडिया) ८४ दिवसांना ४७० आणि ३६५ दिवसांना १८४९, जिओ ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १७४८. इथेही दिवस मोजा. १८४९ भागिले ३६५ म्हणजे ५ रुपये ७ पैसे, १७४८ भागिले ३३६ म्हणजे ५ रुपये २० पैसे. शंभर रुपयांनी स्वस्त दिसणारा पॅक दिवसाला महाग पडतो. (भाव बदलत राहतात, रिचार्ज करताना त्या दिवशीचे आकडे घालून भागाकार करा.)

मुलासाठी उलटा विचार. जुलै २०२४ पासून जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकवरच ठेवलं. त्या दरांत जिओवर २८ दिवसांचा रोज दीड जीबीचा पॅक २९९ आणि दोन जीबीचा ३४९. पन्नास रुपयांत ५जी सुरू होतं आणि वरचेवर डेटा व्हाउचर मारावे लागत नाहीत. अट एवढीच की फोन ५जी हवा आणि खोलीत ५जी पोचायला हवं. पोचत नसेल तर ते पन्नास रुपये देऊ नका.

वडिलांना रोजच्या कोट्यापेक्षा एकत्र डेटा मिळणारा ८४ दिवसांचा पॅक बघा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर असा पॅक जिओचा ४७९ आणि एअरटेलचा ५०९ होता, दोन्हींत ६ जीबी. पण व्हिडिओ 'थोडे' म्हणजे किती ते फोनच्या डेटा वापराच्या पानावर महिनाभर पाहून ठरवा. व्हिडिओ रोज अर्धा तास असेल तर ६ जीबी महिनाही टिकणार नाहीत.

दुरुस्तीवाला

फोनच्या सूटीबद्दल. आपल्याकडे फोन बहुतेक सुटाच, म्हणजे कोणत्याही सिमला न बांधता, विकला जातो, त्यामुळे कंपनीची ऑफर दिसली की ती फुकटची वाटते. ती सूट वसूल कुठून होते ते शोधा, आणि ती जागा जवळजवळ प्रत्येक वेळी रिचार्जची अट हीच असते.

एअरटेलची २०१७ ची कार्बनची ऑफर '१३९९ रुपयांत स्मार्टफोन' अशी होती. प्रत्यक्षात आधी २८९९ भरायचे, ३६ महिने १६९ चं रिचार्ज करायचं, मग १८ व्या महिन्यानंतर ५०० आणि ३६ व्या महिन्यानंतर १००० परत. एकूण ७४८३ रुपये जायचे. त्यात तीन वर्षांची सेवा आहे हे खरं. पण मधे एखादी दुसरी कंपनी निम्म्या भावात तेच देऊ लागली तर तुम्ही हलू शकत नाही, आणि सूट देण्यामागे कंपनीला हवं असतं ते नेमकं हेच. २०२४ मध्ये पोको एम६ ५जी ८७९९ ला आला होता, तो १८ महिने एअरटेलच्या सिमला बांधलेला. त्याआधी २००३ मध्ये रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट दिले, ते सीडीएमए या वेगळ्या तंत्राचे, म्हणजे दुसऱ्या जाळ्यावर बिनकामाचे.

जिओभारत या जिओच्या साध्या फोनचं गणित मात्र वेगळं आहे. २०२३ मध्ये फोन ९९९ ला आला, पॅक २८ दिवसांना १२३ आणि ३३६ दिवसांना १२३४. दिवसाला ३ रुपये ६७ पैसे, अमर्याद कॉल आणि थोडा डेटा. तुमच्या आईसाठी वर दिलेल्या कॉल-पॅकपेक्षाही हे स्वस्त. तोटा दोन्हीकडून आहे: त्या फोनात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही, आणि ते सिम दुसऱ्या फोनात घातलं तर हा स्वस्त पॅक लागू होत नाही. फोन पडून फुटला तर पुन्हा तोच फोन घ्यावा लागतो. घरात त्या कंपनीची रेंज पक्की असेल तरच घ्या.

दुकानात हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या: लॉक सिमचा आहे की हप्त्याचा? सिमचा लॉक (ज्यामुळे दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही) मुदतीनंतर कोण काढून देतो? हप्त्याचा लॉक म्हणजे कर्ज देणारी संस्था फोनात एक अॅप टाकते, हप्ता चुकला की पडदा बंद. त्याचा कंपनीच्या सिमशी संबंध नसतो. शेवटचा हप्ता फेडल्यावर ते अॅप काढून घ्यायचं आणि कर्ज संपल्याचं पत्र घ्यायचं.

पैसे देण्याआधी दोन तपासण्या. स्वतःजवळचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून एक कॉल लावा. मग *#०६# दाबून दिसणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा. इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो आकडा १४४२२ ला एसएमएस केला तर कोणत्या कंपनीचा कोणता फोन आहे ते उत्तरात येतं.

माणदेशी

मग फोन सुटाच घेतो. पण रेंजचं काय बघून ठरवू? आणि तो मुंबईचा नंबर कमीत कमी पैशांत कसा जिवंत ठेवू?

टॉवरखाली

रेंज काड्यांवर मोजू नका, प्रत्येक फोन काड्या वेगळ्या दाखवतो. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे सिग्नलच्या ताकदीचा डीबीएममध्ये आकडा असतो. ४जीला उणे ९५ किंवा त्याहून बरं (शून्याच्या जवळचं) असेल तर घरात निवांत चालतं. उणे ११५ च्या खाली गेलं की कॉल तुटतात. शेजाऱ्याचं सिम घालून स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि ओसरी इथे बघा, आणि रात्री आठच्या सुमाराला व्हिडिओ लावून पाहा, कारण टॉवरवर गर्दी तेव्हा असते. २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांना संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशाही द्यावा लागतो, पण त्यात भिंती धरलेल्या नसतात.

फोनच्या बाबतीत: जिओला २जी नाही, तिथे व्होल्टी (४जीवरून कॉल करण्याची सोय) असलेलाच फोन लागतो. आईचा जुना बटणांचा २जी फोन एअरटेल किंवा व्हीवर चालेल. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. गावात दूरवर पोचतं ते ७००, म्हणजे बँड २८, आणि कित्येक जुन्या फोनांत तो नसतो. फोनच्या माहितीपत्रकात बँड २८ लिहिलेला आहे का ते पाहूनच बीएसएनएलचा विचार करा. जिओच्या ५जीसाठी एन२८ आणि एन७८ हे दोन्ही बँड हवेत, आणि फोन स्टँडअलोन ५जी (४जीच्या आधाराशिवाय चालणारं) पेलणारा हवा.

पोर्टकेंद्र

आधी जुना नंबर. ट्रायच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे ९० दिवस अजिबात वापर नसला तरी मुख्य शिल्लक २० रुपये किंवा जास्त असेल तर नंबर बंद करता येत नाही. दर ३० दिवसांना २० रुपये कापले जातात. लोक चुकतात ते इथे: अमर्याद पॅकचे पैसे मुख्य शिलकीत जात नाहीत, त्यासाठी टॉकटाइमचं टॉप-अप वेगळं मारावं लागतं. आणि यात फक्त नंबर राहतो. पॅक संपल्यावर येणारे कॉल आणि ओटीपी चालू राहतीलच असं नाही. नंबर बँकेला जोडलेला आहे, म्हणून त्यावर वर्षाचा कॉल-पॅक टाकणं किंवा बँकेत आणि आधारला दुसरा नंबर लावून घेणं, यांपैकी एक करा.

पोर्ट, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, करायचं तर त्याच सिमवरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, जागा, दहा आकडी नंबर असा एसएमएस १९०० ला. उत्तरात आठ अक्षरी कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. स्वस्त पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जाऊ दिला पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा, आधार आणि बोटाचा ठसा देऊन सिम घ्या. फोनवर कोणी कोड मागितला तर देऊ नका.

एकाच सर्कलमध्ये (मोबाईल सेवेच्या ठरलेल्या विभागात) पोर्टला तीन कामाचे दिवस. तुमचा मुंबईचा नंबर मात्र मुंबई सर्कलचा आहे आणि तुमचा माण तालुका, म्हणजे सातारा जिल्हा, महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतो, म्हणून त्याला पाच. रविवार आणि सुट्ट्या धरू नका. बदलाच्या रात्री काही तास दोन्ही सिम बंद असतात. त्या दिवशी बँकेचा मोठा व्यवहार ठेवू नका.

अर्ज फेटाळला जातो तो बहुधा या कारणांनी: सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नाहीत, पोस्टपेडचं बिल थकलं आहे, दुकानात कोडचं एखादं अक्षर चुकलं, किंवा हरवलेलं सिम बदलून सात दिवस झालेले नाहीत (ही अट जुलै २०२४ पासून). जुनी शिल्लक आणि पॅकचे उरलेले दिवस पोर्टसोबत बुडतात, तेव्हा पॅकचे सात-आठ दिवस राहिले असताना कोड मागवा. कोड मागवला की जुन्या कंपनीचा फोन येतो, खास पॅक देतो म्हणून. त्या पॅकचाही दिवसाचा भाव काढा. खरंच परवडत असेल तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत कॅन्सल, जागा, नंबर असा एसएमएस १९०० ला पाठवून थांबता येतं.

एक सावधगिरी: चारही नंबर एकाच दिवशी पोर्ट करू नका. आधी वडिलांचा करा, महिनाभर घरात रेंज बघा, मग बाकीचे. चुकलं तर परत फिरायला ९० दिवस थांबावं लागतं.