नाक मुरडलं होतं, त्याच बँडनं कधी पकडलं? अनुभव लिहा

एखादा बँड आपण एका वाक्यात निकालात काढलेला असतो. 'नुसता धांगडधिंगा', 'किरटा आवाज', 'ना धड हे, ना धड ते'. मग दहा-पंधरा वर्षांनी तेच गाणं कुठून तरी कानावर पडतं आणि हातातलं काम थांबतं. तुमच्या बाबतीत असं कधी झालं? आधी काय खटकत होतं आणि नेमकं कशानं मत फिरलं, ते लिहा. 'आता आवडतो' एवढ्यावर सोडू नका. सुरुवात मी करते.

माझ्या बाबतीत तो बँड म्हणजे इंडियन ओशन, फ्यूजन वाजवणारा. २००१ साली मी पुण्यात गाणं शिकत होते. पहाटे खर्ज, संध्याकाळी तालीम, आणि डोक्यात पक्कं बसलेलं की फ्यूजन, म्हणजे रागसंगीत आणि रॉकची ही सरमिसळ, ज्यांना रागही झेपत नाही आणि रॉकही, त्यांनी काढलेली पळवाट. मैत्रिणीनं त्यांच्या 'कंदिसा' अल्बमची कॅसेट आणून दिली. मी अर्धी बाजू ऐकली आणि दुसऱ्या दिवशी परत केली. "अगं, स्थायी नाही, अंतरा नाही, नुसतं घोळवत बसलेत," असं वर तिला ऐकवलंही. ती काही बोलली नाही, कॅसेट पर्समध्ये टाकली.

२०१० च्या उन्हाळ्यात एका शिबिरासाठी नंदुरबार जिल्ह्यात धडगावला गेले होते. परतताना जीपमध्ये ड्रायव्हरनं त्याच बँडचं 'माँ रेवा' लावलं. रेवा म्हणजे नर्मदा. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली ज्यांची घरं-शेतं गेली, अशी माणसं गेले आठ दिवस मी रोज भेटत होते, त्यामुळे नदीचं नाव निघताच कान टवकारले. या बँडमध्ये बास वाजवणारे राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले, हे शेजारी बसलेल्या कार्यकर्त्यानं सांगितलं. मी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला लक्ष तबल्याकडे गेलं. तबला कोण वाजवतंय, असं विचारलं तर तो म्हणाला, "जो गातोय तोच."

असीम चक्रवर्ती. गळा मोकळा सोडून गाणारा माणूस त्याच वेळी हातानं ठेका सांभाळत होता. घरी आल्यावर मी मांडीवर साधा दादरा धरून एक बंदिश म्हणून पाहिली. चौथ्या आवर्तनात हात सुटला. मग 'कंदिसा' विकत आणली. ते शीर्षकगीत केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना आहे. त्यातला एकही शब्द मला कळत नाही, पण स्वर लावण्यातली ती शांतता मी तालमीत वर्षानुवर्षं शोधत होते. असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्येच गेले होते. त्यांना समोर बसून ऐकायची संधी पुण्यात असताना मला मिळाली असती, मी ती घेतली नाही. याचं वाईट अजून वाटतं.

* * *

वाईहून लिहितोय. माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन.

कॉलेजात आमचा कंपू डीप पर्पल या रॉक बँडवाला. क्वीन हा दुसरा बँड म्हणजे आम्हाला नखरे वाटायचे. तो मुकुट, ती घट्ट पँट, गाण्याच्या मध्येच ऑपेरा. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं शालेय शिक्षण पाचगणीला झालं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. माझ्या घरापासून पसरणीचा घाट चढला की पाचगणी! सेंट पीटर्स शाळेत तो फारुख बलसारा होता आणि तिथल्या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. पण खरं सांगायचं तर तेवढ्यानं माझं मत बदललं नाही. गावचा म्हणून गाणं आवडायला लागतं, असं काही नसतं.

मत बदललं ते गिटारमुळे. ब्रायन मे हा त्यांचा गिटारवाला. त्यानं १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीनं स्वतःची गिटार घरी बनवायला घेतली. दांडीला जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं लाकूड, तारा सैल-घट्ट करायच्या दांड्याला सायकलच्या पिशवीच्या कॅरिअरचा तुकडा आणि टोकाला आईची विणायची सुई. आत मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत आला. हे वाचलं त्या रात्री मी गाणी लावली, या वेळी आवाजाकडे नाही तर फक्त गिटारीकडे कान देऊन. स्प्रिंगेवर चालणारी वस्तू पुन्हा तंतोतंत जागेवर येणं किती अवघड, हे ज्यानं हातानं पार्ट घासलेत त्याला विचारा. दांडा दाबला की सूर खाली जातो, सोडला की बरोब्बर मूळ जागी. शंभरदा.

एकदा तो दरवाजा उघडला आणि मग फ्रेडीही आपोआप आत आला. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झालेल्या लाइव्ह एड मैफिलीतला क्वीनचा कार्यक्रम पूर्ण पाहिला. वीसेक मिनिटं. नखरा म्हणत होतो ना, तो नखरा नव्हताच. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं तर हात एवढा उचलावाच लागतो. माझ्या वर्कशॉपमधला पोरगा आता विचारतो, "काका, आज क्वीन नाही का?"

* * *

मी नर्स आहे, सध्या नव्या मुलींना ट्रेनिंग देते. बी जीज हा बँड मला अजिबात सहन व्हायचा नाही. मोठा भाऊ लावायचा आणि मी रेडिओच बंद करायचे. पुरुषानं इतक्या वरच्या पट्टीत का किंचाळावं, हा माझा प्रश्न.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवताना छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. वेग पाळणं सगळ्यात कठीण, घाबरलं की हात पळतो. त्यासाठी बी जीजचंच 'स्टेइंग अलाइव्ह' मनात म्हणायला सांगतात, कारण त्याची लय या मापात बसते. पुतळ्यावर वाकून मुली दाबतायत, मी बाजूला उभी राहून गाणं लावतेय, असं दिवसाला आठ-आठ वेळा व्हायला लागलं. एवढं ऐकल्यावर मला त्यातला ढोल कळला. तो एक केसभरही पुढे-मागे होत नाही. नंतर समजलं की रेकॉर्डिंगच्या वेळी त्यांचा ड्रमर घरच्या आजारपणामुळे निघून गेला होता, म्हणून त्यांच्याच दुसऱ्या गाण्यातल्या ढोलाच्या दोन बारचा, म्हणजे दोन आवर्तनांचा, टेपचा तुकडा कापून, त्याची टोकं जोडून तो गोल गोल फिरवला.

मागच्या वर्षी वॉर्डात एक बाबा कोसळले. माझे हात त्यांच्या छातीवर आणि डोक्यात ते गाणं. बाबा नवव्या दिवशी चालत घरी गेले. भावाला फोन केला आणि रेडिओ बंद केल्याबद्दल माफी मागितली. तो रडायलाच लागला.

* * *

माझं थोडक्यात. मुलाच्या हट्टापायी ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूला मेटालिका हा हेवी मेटल बँड ऐकायला गेलो. संगीत मला आजही झेपत नाही. पण त्या धक्काबुक्कीत कुणी पडलं की चार अनोळखी हात त्याला लगेच उचलायचे आणि माझे पांढरे केस बघून पोरं स्वतःहून जागा करून द्यायची. 'हे ऐकून मुलं हिंसक होतात' हे माझं वाक्य मी त्या रात्रीपासून सोडलं.

* * *

गोव्यातल्या फोंड्याहून. हा अनुभव फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवातल्या, बँडचा आहे, चालेल ना?

चर्चच्या फेस्ताला, मिरवणुकीला वाजणारा ब्रास बँड मी लहानपणापासून ऐकतोय. मी हार्मोनियमवाला, नाटकांना संगीत देणारा. मला तो बेसूर वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. एका नाटकाला ट्रम्पेट हवा होता. मुंबईचा वादक परवडेना, म्हणून कुणीतरी शेजारच्या गावातल्या फेस्ताच्या बँडमधल्या काकांचं नाव सुचवलं. सत्तरी ओलांडलेले, पायात चपला, ट्रम्पेट जुन्या टॉवेलात गुंडाळलेला.

मी मोठ्या मेहनतीनं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, लिहून नेलं होतं. त्यांनी चष्मा लावला, कागद एकदा वरून खाली पाहिला आणि पहिल्याच फटक्यात सगळं वाजवलं. कुठे शिकलात, विचारलं. चर्चच्या शाळेत, लहानपणी, मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारा मास्तर, छडी घेऊन सोल्फेज, म्हणजे स्वर वाचून गाण्याचे धडे, घोकून घ्यायचा, म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुंबईच्या सिनेमातले गोव्याचे वादक याच शाळांतून गेले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस, या नावांना मी नमस्कार करायचो आणि त्याच परंपरेतला माणूस दारासमोरून वाजवत गेला की खिडकी लावून घ्यायचो.

आणि तो बेसूरपणा? उन्हात दोन तास चालत वाजवलं की ओठ दमतात, पितळ तापतं, सूर वर सरकतो. खोलीत बसून तेच काका इतकं मऊ वाजवत होते की नायिकेचं काम करणारी मुलगी विंगेतून बाहेर येऊन उभी राहिली.

जायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली. तिसऱ्या ओळीत मी एक मात्रा कमी लिहिली होती. ती त्यांनी वाजवताना मुकाट्यानं भरून काढली होती, आता कागदावर नीट केली आणि ट्रम्पेट पुन्हा टॉवेलात गुंडाळला.